यंदा लुडी मरणार नाही

आमच्या वस्तीत माणूस एकदाच मरतो. लुडिविना कातिगबाक मात्र वर्षातून दोनतीनदा तरी मरायची, आणि मरून आली की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे पेज प्यायला हजर. मी क्लेमेन; वस्ती मला आते, म्हणजे ताई, म्हणते. सरोवराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर माझं पेजेचं दुकान आहे. लुडी बाकावर बसायची, मानेवरचा न निघालेला लाल रंग नखानं खरवडायची आणि म्हणायची, "आते क्लेमेन, लसूण जरा सढळ हातानं घाल. काल दिवसभर विहिरीत होते."

लुडी सिनेमात भूत व्हायची. आमच्याकडे भूतपटांना मरण नाही. भात पिकला नाही तरी चालेल, पण नाताळात आणि मृतांच्या सणाला नवा भूतपट लागलाच पाहिजे. त्यासाठी मनिलाहून गाडी यायची आणि लुडीला उचलून न्यायची. तिचे केस गुडघ्यापर्यंत होते. हे केस म्हणजे तिची शेती. खोबरेल लावून, शिकेकाईसारख्या आमच्या गुगोच्या सालीनं धुऊन तिनं ती राखली होती. पडद्यावर पुढून दिसणारं भूत म्हणजे मनिलाची कुणी गोरी नटी, आणि पाठमोरं भूत म्हणजे आमची लुडी. नटीला पाण्याची सर्दी व्हायची, म्हणून बुडायचं लुडीनं. नटीला उंचीची भीती, म्हणून वडासारख्या पारंब्यांच्या बालेतेच्या झाडाला लटकायचंही लुडीनंच.

वस्तीतले पुरुष, जे दोन पेले पोटात गेल्यावर कुणाच्या बापाला भीत नाहीत, ते लुडी गच्चीवर केस वाळवताना दिसली की रस्ता बदलायचे. तरुणपणी एक जीपनीवाला, म्हणजे इथल्या प्रवासी गाडीचा ड्रायव्हर, तिच्यामागे होता. चांगला फुलंबिलं घेऊन यायचा. मग त्यानं तिचा सिनेमा पाहिला आणि त्याची आई अचानक आजारी पडली, असा निरोप आला. ती आई अजून ठणठणीत आहे. परवाच बाजारात मासळीवाल्याशी भांडत होती. पण लुडीचं लग्न काही झालं नाही. घरात ती आणि तिची म्हातारी आई, एवढंच.

ही म्हातारी म्हणजे लोला सेन्यांग, सगळ्या वस्तीची सेन्यांग आजी. हाडं चिमणीची आणि आवाज चर्चच्या घंटेचा. लुडीचा पहिला सिनेमा लागला तेव्हा ती चर्चला जायचा झगा घालून, शेजारणींना घेऊन गेली होती. पडद्यावर लुडीला सरोवरातून ओढून काढतात तेव्हा म्हातारी खुर्चीवर उभी राहून ओरडली, "मेल्यांनो, बघताय काय! पोहता येत नाही तिला!" दिवे लावावे लागले. तेव्हापासून तिनं लुडीचा एकही सिनेमा पाहिला नाही. म्हणायची, "मी जिला जिवंत जन्माला घातली, तिला मेलेली बघायला तिकीट काढू होय? असला धंदा मला जमायचा नाही."

लुडी हसायची, पण तिला ते लागायचं. इतकी वर्षं काम करून आईनं एकदाही पडद्याकडे बघून "ती बघा माझी" म्हटलं नाही, याचं दुःख तिनं मला कितीदा सांगितलं असेल. आणि आता म्हाताऱ्या सेन्यांगचा एक डोळा मोतीबिंदूनं गेला होता, दुसरा जायच्या वाटेवर होता. डॉक्टर म्हणाला, या वयात, काळीज एवढं कमजोर असताना, मी डोळ्याला सुरी लावणार नाही. म्हणजे जे काय बघायचं ते याच वर्षी. लुडीनं ज्याच्या त्याच्या मागे लकडा लावला, मला एकदा जिवंत बाईचं काम द्या. मोलकरीण चालेल, मासे विकणारी चालेल, काहीही, फक्त श्वास चालू असलेली. मनिलावाले हसून म्हणायचे, "आते लुडी, तुला जिवंत दाखवली तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील."

अशात दिरेक मिगो उगवला. दिग्दर्शकाला आमच्याकडे दिरेकच म्हणतात, मग त्याला मिसरूड फुटलेलं असो वा नसो. हा परदेशात शिकून आलेला, उकाड्यातही लोकरी टोपी घालणारा. माझ्याच दुकानात बसून त्यानं सांगितलं की त्याचा सिनेमा भूतपट नाही. तो मानसशास्त्रीय आहे.

"म्हणजे भूत नाही?" मी विचारलं.

"भूत माणसाच्या मनात असतं, आते. भूत म्हणजे दुःख. भूत म्हणजे जे आपण एकमेकांना सांगत नाही ते."

"मग पांढरा झगा कशाला शिवून आणलाय?"

"तो दुःखाचा आहे," तो म्हणाला आणि त्यानं अंडं आणखी एक मागितलं.

हाच दिरेक पहिल्या दिवशी बालेतेच्या मागे लघवीला गेला तेव्हा झाडात राहणाऱ्या, कुणाला न दिसणाऱ्या म्हाताऱ्याला हात जोडून "सरका हं आजोबा, जरा जाऊ द्या" असं म्हणताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बरोबर आलेली सगळी शिकलेली मंडळीही म्हणत होती. मनातलं भूत मनात, आणि झाडातला म्हातारा झाडात, असा त्यांचा हिशेब असावा.

सिनेमाचं नाव होतं 'पाचवी खुर्ची'. त्यात दिरेकनं लुडीला एका आईचं काम दिलं. जिवंत आईचं! नवरा, दोन मुलं, घर, चूल, सगळं. पांढरा झगा यंदा दुसऱ्याच पोरीच्या अंगावर होता. लुडीला तिच्यापुरते कागद मिळाले, ते घेऊन ती धावत माझ्याकडे आली. पूर्ण गोष्ट दिरेक कुणालाच सांगत नव्हता, फुटू नये म्हणून.

"वाच, आते क्लेमेन, वाच! मी स्वयंपाक करते. सिनिगांग करते, चिंच कोळून. ताटं मांडते. मुलीची वेणी घालायला जाते. कुणाच्या तरी मयतीला जाऊन चौकशी करते. शेवटच्या कागदावर भांडी घासते. सांग बघू, भूत कधी भांडी घासतं का?"

मी हात पुसून वाचलं. खरंच होतं. एकच गोष्ट मला जराशी खटकली. "तू एवढी बोलतेस, पण नवरा काही उत्तरच देत नाही. मुलंही देत नाहीत. तुझ्याकडे बघतसुद्धा नाहीत."

"अगं, तेच तर! दिरेक म्हणतो, अगदी खऱ्या घरासारखं पाहिजे."

माझे दोन मुलगे आठवून मी मान हलवली. माझा नवरा तर गेल्या पावसाळ्यापासून माझ्याशी फक्त "मीठ दे" एवढंच बोलला होता. कागदावरचं कुटुंब मला फारच ओळखीचं वाटलं. मी लुडीला पेजेत दोन अंडी फुकट घातली.

शूटिंग संपेपर्यंत लुडी नव्या नवरीसारखी वागत होती. त्या खोट्या घरातून येताना ती "आमच्या ह्यांना आंबट लागतं" वगैरे म्हणायची. कुणीतरी ओळखपत्रासाठी म्हणून तिचा फोटो काढला, केस बांधून, निळ्या झग्यात, किंचित हसताना. इतका सुंदर फोटो तिचा आयुष्यात निघाला नव्हता. ती म्हणाली, "बघ, जिवंत माणसाला किती मान असतो. भुताला कधी ओळखपत्र मागितलं नाही कुणी."

सिनेमा तयार झाला तेव्हा वस्तीच्या निवडणुका तोंडावर होत्या, त्यामुळे आमच्या कप्तानाला, म्हणजे वस्तीच्या सरपंचाला, कलेचा उमाळा आला. काप आर्सेन्यो यानं जाहीर केलं की खेळ आधी आपल्या वस्तीत, फुकट, बास्केटबॉलच्या मैदानावर. रस्त्याच्या तोंडाशी भलाथोरला फलक लागला, 'आमची अभिमानास्पद कन्या लुडिविना हिचं अभिनंदन'. त्यावर काप आर्सेन्योचा चेहरा दाराएवढा आणि लुडीचा टपाल तिकिटाएवढा. खेळ दुपारचा होता, मैदानाला छप्पर आहे पण भिंती नाहीत. अंधार करायला काप आर्सेन्योनं मागच्या सगळ्या निवडणुकांचे फलक चहूबाजूंनी टांगले. त्यामुळे आत बसलेल्या माणसाला ज्या बाजूला बघावं त्या बाजूला कप्तानच हसताना दिसत होता. खरा भूतपट तोच होता, पण आमच्याकडे अशा गोष्टी कुणी बोलून दाखवत नाही.

आईला तयार करायला लुडीला आठवडा लागला. मी तिथं होते त्या दिवशी म्हातारी खिडकीशी बसून जपमाळ ओढत होती.

"नानाय," लुडी आईला म्हणाली, "शपथ घेते. या वेळी मी मरत नाही."

"मागे पण म्हणाली होतीस. जोगिणीचं काम आहे म्हणालीस आणि जिन्यावरून पडलीस."

"यात जिनाच नाही! बैठं घर आहे. विचार आते क्लेमेनला, तिनं कागद वाचलेत."

म्हातारीनं माझ्याकडे एक डोळा लावला. "काय गं क्लेमेन? जिवंत आहे का ही?"

"शेवटपर्यंत भांडी घासते, लोला," मी म्हणाले.

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

म्हातारीनं जपमाळ डबीत ठेवली आणि चर्चचा झगा काढायला सांगितला.

पहिल्या रांगेत, पडद्यापासून हातभर अंतरावर तिची खुर्ची ठेवली. शेजारी लुडी, तिच्या शेजारी मी. म्हातारीनं लुडीचं मनगट धरलं. आधी काप आर्सेन्योचं भाषण झालं, त्यात रस्ता, गटार आणि लुडी हे तिन्ही त्याच्याच कारकिर्दीत झाल्याचं कळलं. मग दिरेक मिगोनं टोपी सारखी करत सांगितलं की आज तुम्हाला जे भूत दिसेल ते तुमचं स्वतःचं आहे. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "माझं घरी आहे, भात लावतंय." ती बायको त्याला नकळत मागेच येऊन बसली होती, तिनं त्याच्या पाठीत गुद्दा घातल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर लुडी आली आणि टाळ्या पडल्या. काय दिसत होती! चुलीपाशी घाम पुसत होती, मुलांना हाका मारत होती. "ती बघा," लुडी आईच्या कानाशी म्हणाली, "ती मी. दिसते का, नानाय?" म्हातारीनं तिचं मनगट आणखी घट्ट धरलं. पुढे पांढऱ्या झग्यातली बाई हळूहळू दारातून यायची, लुडीनं मांडलेली ताटं उचलून न्यायची, मुलीच्या उशाशी बसायची. लोक ओरडत होते, "आते लुडी, मागे बघ! मागे!" पोरांनी पांढऱ्या बाईला शिव्या घातल्या. मीसुद्धा एक घातली. टेबलाला खुर्च्या पाच, आणि पाचवीवर कोण बसणार म्हणून सगळ्या मैदानानं श्वास धरला होता.

मग पडद्यावरची मुलगी त्या पांढऱ्या बाईच्या कुशीत शिरली आणि म्हणाली, "नव्या आई, रोज रात्री ही पाचवी थाळी कोण मांडतं?"

पुढच्याच क्षणी मयत दिसली. पेटी, मेणबत्त्या, फुलं, आणि पेटीवर चौकटीत लावलेला फोटो. निळा झगा, बांधलेले केस, किंचित हसू. ओळखपत्राचा फोटो. शूटिंगच्या वेळी ती चौकट रिकामी होती म्हणे. आणि पाठीमागे, जिवंत माणसांच्या घोळक्यातून वाट काढत, लुडी एकेकाला विचारत होती, "कोण गेलं? अहो, कोण गेलं?" तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. शेवटी ती मोरीपाशी गेली आणि भांडी घासायला बसली.

मैदानात हुंदका फुटला. आधी एक, मग सगळीकडे. आलिंग नीटा, जिनं गटाराच्या पाण्यावरून लुडीशी कित्येक वर्षं बोलणं टाकलं होतं, ती ऊर बडवून म्हणत होती, "किती सोन्यासारखी बाई होती गं!" पाद्रींच्या मदतनिसानं सवयीनं टोपी काढली. काप आर्सेन्यो, ज्याला मयत दिसली की रांगेत पुढं व्हायची जन्माची सवय, तो सरळ म्हातारीपाशी आला आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "लोला सेन्यांग, धीर धरा. काही लागलं तर सांगा." त्याच्या कोपराला लुडीचं डोकं लागत होतं, पण त्याचं तिकडे लक्ष गेलं नाही.

लुडी मात्र दगड झाली होती. दिवे लागल्यावर ती उठली आणि दिरेककडे गेली. "मला सांगायला काय झालं होतं? आईला आणलं होतं मी. शपथेवर आणलं होतं."

दिरेक खूश होता. सगळं मैदान रडताना पाहून त्याचा टोपीखालचा चेहरा उजळला होता. "आते लुडी, तुला सांगितलं असतं ना, तर तू मेल्यासारखं केलं असतंस. तुला सवय आहे. मला जिवंतपणा हवा होता."

"मग जिवंतच ठेवायचं होतंस!"

"अगं, मग सिनेमा कशाचा?"

मला त्याच्या टोपीसकट त्याला पेजेच्या हंड्यात बुडवावंसं वाटलं. लुडीच्या डोळ्यांतून आता पाणी वाहत होतं. ती आईकडे वळली, पण तिच्यासमोर जायची तिची हिंमत होईना. म्हातारी अजून खुर्चीतच, पांढऱ्या पडद्याकडे तोंड करून बसली होती.

एवढ्यात बाहेर नवाच गोंधळ सुरू झाला. लोक फलकाखालून बाहेर आले आणि रस्त्यावर उभेच राहिले. घरी कुणी जाईना. मयतीला जाऊन कुणी सरळ घरी जात नाही. आधी दुसरीकडे कुठेतरी टेकायचं, काहीबाही खायचं, म्हणजे मागे लागून आलेला मेलेला माणूस तिथंच चुकतो आणि घरापर्यंत येत नाही. हे आमच्या रक्तातच आहे. प्रश्न एवढाच होता की पडद्यावरची मयत मोजायची की नाही.

"सिनेमा तो सिनेमा," निवृत्त मास्तर म्हणाले. "शिकलेल्या माणसांनी असं करू नये."

"फोटो खरा होता की नाही, मास्तर?" आलिंग नीटा म्हणाली. "मेणबत्त्या खऱ्या होत्या. आम्ही रडलो तेही खरंच. मग खोटं काय राहिलं?"

मास्तरांनी पोटावरून हात फिरवला. मग म्हणाले, "तसंही मला भूक लागलीच आहे."

आणि अख्खी वस्ती माझ्या दुकानाकडे निघाली. काप आर्सेन्यो पुढे, मास्तर त्याच्या मागे. मनातल्या भुताचा दिरेकही ड्रायव्हरला म्हणाला, "मनिलाला नंतर निघू, आधी काहीतरी खाऊ." मला दुकान उघडायला धावत जावं लागलं. बाकं भरली, पायऱ्या भरल्या, लोक वाट्या हातात घेऊन रस्त्यावर उभे राहिले.

लुडीही सवयीनं आली. डोळे पुसत एका बाकाच्या टोकाला टेकली. बाकावरची माणसं हळूच सरकली. मग उठलीच.

"अगं, तू कशाला आलीस इथं?" आलिंग नीटा कुजबुजली. "तुलाच तर सोडायला आलोय आम्ही."

एरवी लुडीनं असं उत्तर दिलं असतं की नीटानं महिनाभर तोंड दाखवलं नसतं. पण आज ती नुसती रिकाम्या बाकावर एकटी बसून राहिली. मी तिच्यापुढे वाटी ठेवली, तिनं हात लावला नाही.

तेवढ्यात लोला सेन्यांग काठी टेकत रस्त्यानं आली. दुकानाकडे न वळता ती सरळ पुढे चालू लागली, घराच्या दिशेनं. सगळ्यांचे चमचे थांबले.

"लोला, इकडे या!" काप आर्सेन्यो ओरडला. "थोडं टेका, मग जा. सरळ घरी जाऊ नका, मागे येईल."

म्हातारी थांबली. "कोण येईल?"

काप आर्सेन्यो वाटीतली पेज फुंकू लागला.

"अरे बोला की. एवढे रडत होतात मघाशी. कोण मागे येईल माझ्या?"

"आता... गेलेलं माणूस," मास्तर चाचरत म्हणाले.

"माझीच पोर ना गेली? मग येऊ दे की! का तिला लोकाच्या दारात टाकून जाऊ?" तिनं काठी बाकाकडे रोखली. "ऊठ गं लुडी. चल घरी."

लुडी उठली. "नानाय, मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं, मी जिवंत आहे."

"तू पहिलं ताट वाढलंस तेव्हाच मला कळलं होतं," म्हातारी म्हणाली. "एवढं सिनिगांग केलंस, आणि एकानंही तोंड वाकडं करून आंबट कमी आहे म्हटलं नाही. जिवंत बाईला एवढं सुख कुठलं?"

बायका हसल्या. पुरुषांनी वाट्यांत बघितलं.

"मग उठून का नाही गेलीस?" लुडीनं विचारलं.

"तुझा हात होता ना माझ्या हातात. नाडी लागत होती. मेल्यांनो, तुम्ही पडद्याकडे बघून रडा हवं तर. मी दुसरीकडेच लक्ष ठेवून होते." ती वळली. "आणि त्या टोपीवाल्याला सांग, पुढच्या वेळी कितीही मारायचं ते मार म्हणावं. पण भांडी दुसऱ्या कुणाकडून तरी घासून घे."

ती काठी टेकत निघाली. लुडी मागून चालू लागली, केस पाठीवर सुटलेले. दुकानातल्या एकानंही तिला हाक मारली नाही, हसलंही नाही कुणी. रस्ता सरोवराकडे वळतो तिथं म्हातारी थांबली. मागे वळली, आणि उरलेल्या एका डोळ्यानं नीट निरखून, पोर मागे येतेय ना, ते तिनं बघून घेतलं.